मुलाखती टाइप झाल्या, आता सॉफ्टवेअर कुठलं?

प्रश्न : ताई, नर्सेसच्या रात्रपाळीवर पीएचडी करतेय. २४ मुलाखती घेऊन, टाइप करून झाल्या. डिपार्टमेंटमध्ये सगळे म्हणतात एनव्हिवो हे मुलाखतींच्या ॲनालिसिसचं सॉफ्टवेअर घे, नाहीतर ॲनालिसिस कुणी मानणार नाही. लायसन्स परवडत नाहीये. घ्यावंच लागेल का?

उत्तर : नाही. ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी १९६७ मध्ये ग्राउंडेड थिअरी, म्हणजे डेटातूनच सिद्धांत उभा करायची पद्धत, मांडली तेव्हा यातलं एकही सॉफ्टवेअर नव्हतं, लोक कागद कापून, ढीग लावून काम करायचे आणि ते ॲनालिसिस आजही मानलं जातंच ना. एनव्हिवोचा जन्मसुद्धा त्या ढिगांतूनच झालाय. ऑस्ट्रेलियातल्या ला ट्रोब विद्यापीठात लिन रिचर्ड्स या समाजशास्त्रज्ञ होत्या, त्यांच्या संशोधनाचे कागद आवरेनात म्हणून कम्प्युटरवाले टॉम रिचर्ड्स यांनी १९८१ मध्ये नडिस्ट नावाचा प्रोग्राम लिहिला, त्याच घरातून पुढे १९९९ मध्ये एनव्हिवो आलं. म्हणजे काम काय, तर मजकूर नीट ठेवायचा, त्यावर तुम्ही लावलेल्या खुणा, म्हणजेच कोड, लक्षात ठेवायच्या आणि मागाल तेव्हा एका खुणेखालचं सगळं समोर आणून द्यायचं. ॲटलस टीआय घ्या, मॅक्सक्यूडीए घ्या, गाभा हाच.

तुमचा सगळा डेटा मजकूर आहे, तर टॅगेट बघा, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि वाक्य सिलेक्ट करून टॅग लावायचा एवढं तर लगेच जमतं. पण ते तेवढंच करतं. पाच वर्षांपेक्षा कमी अनुभव असलेल्या नर्सेस एखाद्या मुद्द्यावर काय बोलल्या असं वेगळं काढायचं असेल तर क्वालकोडर घ्या, तेही फुकट, ऑडिओ-व्हिडिओ पण चालतं, फक्त इन्स्टॉल करताना थोडी खटपट होऊ शकते, कुणी जाणकार असेल तर सोबत बसवा. आणि काहीही निवडा, प्रोजेक्ट बाहेर काढता येतं का ते पहिल्याच दिवशी बघा. २०१९ पासून रेफी-क्यूडीए नावाचं एक सामायिक स्टँडर्ड आहे, त्या फाइलमधून एका सॉफ्टवेअरचं कोडिंग दुसऱ्यात नेता येतं. सगळंच जसंच्या तसं येत नाही, पण मजकूर, कोड आणि कुठे काय लावलंय हे येतं, आणि तीच तर तुमची खरी मेहनत असते. युनिव्हर्सिटीचं लायसन्स संपलं आणि थिसिस अर्धवट, अशा वेळी हीच फाइल वाचवते.

प्रश्न : सहाच मुलाखती कोड केल्या आणि दीडशे कोड झाले! आता कुठला कोड कशासाठी केला होता तेही आठवत नाही. परत पहिल्यापासून करू का?

उत्तर : पहिल्यापासून अजिबात नको. सॉफ्टवेअरमध्ये कोड करणं फार सोपं असतं, एक क्लिक की नवा कोड, त्यामुळे हे खूप जणांचं होतं. बघायचं हे की तुमचे कोड नुसते विषयांची नावं आहेत का.

समजा एक नर्स म्हणते, "रात्री दोनला डॉक्टरांना फोन लावायच्या आधी मी परत एकदा बीपी घेते, म्हणजे ओरडले तर हातात काहीतरी असावं." यावर 'फोन', 'बीपी', 'डॉक्टर' असे तीन कोड लावले तर वाक्यात काय काय आलंय एवढंच कळलं, बाई काय करतेय ते निसटलं. ती ओरडा बसायच्या आधीच स्वतःच्या बाजूने पुरावा जमवतेय. मग कोडचं नाव तेच द्या की, 'पुरावा जमवून ठेवणं'. आता दुसऱ्या मुलाखतीत कुणी म्हणालं की मी कॉल केल्याची वेळ आधी रजिस्टरला लिहिते मगच पुढचं काम, तर तिथे बीपी नाही, ओरडणं नाही, पण कोड तोच लागतो. अशी जोडणी सर्चमध्ये शब्द टाकून सापडत नाही, ती वाचूनच होते. आणि एखादी म्हणाली की मी सरळ फोन लावते, मला नाही भीती वाटत, तर तो तुकडा बाजूला टाकू नका, तिला भीती का नाही वाटत, अनुभव जास्त म्हणून की वॉर्डच वेगळा म्हणून, हे शोधताना तुमचं खरं ॲनालिसिस सुरू होतं. त्याच वेळी मेमो, म्हणजे स्वतःसाठीचं टिपण, उघडून तुम्हाला काय सुचलं त्याच्या दोन ओळी लिहा, तारीख टाकून. मेमोची सोय जवळपास सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये असते आणि सगळ्यात कमी वापरली जाते याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, 'हा निष्कर्ष कुठून आला' असं विचारलं की उत्तर त्या मेमोतच असतं.

दीडशेचं काय करायचं तर एकेका कोडखालचे तुकडे काढून सलग वाचा, सारखे वाटतील ते एकत्र करा, उरलेल्यांना एका वाक्यात व्याख्या द्या, यात काय बसतं आणि काय बसत नाही. एकत्र केलेले कोड परत सुटे करणं फार जड जातं, म्हणून आधी प्रोजेक्टची कॉपी ठेवा.

प्रश्न : आता एआय आपोआप कोड करून देतं म्हणे. मग एवढं वाचायचं कशाला?

उत्तर : आधी संमतीपत्र काढून वाचा. मुलाखत फक्त संशोधकाकडे राहील असं लिहून घेतलं असेल आणि तुम्ही ती बाहेरच्या सर्व्हरवर पाठवली तर तो त्या माणसाला दिलेला शब्द मोडणं आहे, नाव खोडलं असलं तरी वॉर्ड, वर्ष, प्रसंग यांवरून माणूस ओळखू येऊ शकतो. परवानगी असेल तर स्वतः कोडिंग झाल्यावर आपलं काही सुटलंय का एवढ्यासाठी वापरा, आणि त्याने दिलेलं प्रत्येक अवतरण मूळ मजकुरात आहे का ते तपासाच. वर्ड क्लाउडचंही, म्हणजे कुठला शब्द किती वेळा आला ते दाखवणाऱ्या चित्राचंही, तसंच, 'डॉक्टर', 'डॉक्टरांना', 'डॉक्टरांनी' हे त्याला तीन वेगळे शब्द वाटतात, तेव्हा मराठी मुलाखतींवर त्या आकड्यांच्या भरवशावर काही लिहू नका.

प्रश्न : गाइड म्हणतात कोहेनचा कप्पा (kappa) काढ, म्हणजे दोन कोडरचं कोडिंग किती जुळतं त्याचा आकडा. मी तर एकटीच कोड करतेय.

उत्तर : पद्धत कुठली घेतलीय त्यावर आहे. ब्रॉन आणि क्लार्क यांची थीमॅटिक ॲनालिसिस, म्हणजे डेटातले समान धागे शोधायची पद्धत (२००६ चा पेपर), धरून चालला असाल तर त्या दोघी स्वतःच म्हणतात की त्यांच्या रिफ्लेक्सिव्ह पद्धतीत, म्हणजे जिथे संशोधकाची स्वतःची समजही ॲनालिसिसचा भाग असते तिथे, दोन कोडरचं जुळणं हा निकष बसत नाही, गाइडना तेच दाखवा. आधी ठरवलेल्या कोडबुकने, म्हणजे कोड आणि त्यांच्या व्याख्यांच्या यादीने, टीम कोड करत असेल तर कप्पा ठीक आहे. तरी माझं ऐकाल तर एखाद्या मैत्रिणीला दोन मुलाखती कोड करायला द्या, आकडा काढू नका, जिथे जुळलं नाही तिथे बसून का नाही जुळलं ते बोला आणि ती चर्चा मेथड चॅप्टरमध्ये लिहा.