सेलरने चॅरिझार्डच्या पोकेमॉन कार्डची ऑर्डर कॅन्सल केली तर

अरे पैसे बुडाले म्हणून घाबरू नकोस, ईबेवर सेलरने कॅन्सल केलं की रिफंड जिथून भरलेस तिथेच येतो, बँकेला थोडे दिवस लागतात एवढंच. खरी गोम कॅन्सलच्या कारणात असते. 'स्टॉक नाही' टाकलं तर सेलरच्या रेकॉर्डला डाग लागतो, म्हणून कार्डाचा भाव चढला की काही सेलर तुलाच गळ घालतात, तू कॅन्सलची रिक्वेस्ट टाक ना प्लीज. अजिबात टाकू नकोस! फार राग येतो मला याचा. लिस्टिंगचे स्क्रीनशॉट काढून ठेव, आणि तेच कार्ड, कोपऱ्यावरचा तोच पांढरा ओरखडा, परत चढ्या किमतीला दिसलं तर सरळ रिपोर्ट कर. बाहेर व्हॉट्सॲपवर डील करू म्हणाला तर स्पष्ट नाही म्हण, तिथे ईबेची मनी बॅक गॅरंटी चालत नाही.