सिद्धांत पक्का झाला की त्याचा नियम होतो का?

प्रश्न असा आलाय की विज्ञानाचे सर वर्गात सांगतात, आधी गृहीतक, ते प्रयोगात टिकलं की सिद्धांत, आणि सिद्धांत पूर्ण सिद्ध झाला की नियम, तर हे शब्द असेच चढत्या क्रमाने वापरायचे का?

नाही. नियम आणि सिद्धांत या एका जिन्याच्या पायऱ्याच नाहीत, दोघांची कामं वेगळी. काय घडतं ते नियम सांगतो, बरेचदा सूत्रात, आणि ते का घडतं हे सिद्धांत सांगतो. बॉइलचा नियमच बघा ना, तापमान तेच ठेवून वायूवरचा दाब दुप्पट केला की आकारमान निम्मं होतं हे त्याने १६६२ मध्ये मांडलं, पण असं का होतं हे नीट सांगणारा वायूंचा गतिज सिद्धांत (वायूचे रेणू सतत धावत भिंतींवर आपटतात, त्यातूनच दाब येतो) मॅक्सवेल आणि बोल्ट्झमन यांनी उभा केला तो एकोणिसाव्या शतकात, म्हणजे नियम आधी आला आणि सिद्धांत दोनेकशे वर्षांनी! आणि भरपूर पुरावा मिळाला म्हणून आज कुणी त्याला 'गतिज नियम' म्हणत नाही. बरं, नियम म्हणजे अढळ असंही नाही. दाब फार वाढवला की खरे वायू बॉइलचं ऐकत नाहीत, कारण रेणूंना स्वतःचं आकारमान असतं आणि ते एकमेकांना ओढतात, हे धरूनच व्हॅन डर वाल्सने १८७३ मध्ये दुरुस्त समीकरण दिलं. नियम कुठे आणि का मोडतो, हेही सिद्धांतानेच सांगितलं.

हा गैरसमज फक्त या सरांचा नाही. विज्ञानशिक्षणाचे अभ्यासक विल्यम मॅकॉमस यांनी १९९६ मध्ये विज्ञानाबद्दलच्या दहा गैरसमजांची यादी केली त्यात हाच पहिला होता. मला वाटतं शिक्षकांना स्वतःला सूत्रं आणि व्याख्या भरपूर शिकवल्या जातात, पण विज्ञान घडतं कसं हे क्वचितच.

मराठीत त्यात भर पडते. 'सिद्धांत' शब्दातच 'सिद्ध' आहे, म्हणून तो आता बदलणारच नाही असं वाटतं, आणि उलट बोलताना 'माझी थिअरी' म्हणजे नुसता अंदाज, मग उत्क्रांतीलाही लोक 'फक्त थिअरी' म्हणून मोकळे होतात. 'उपपत्ती' हा जुना शब्द मला जास्त आवडतो, त्यात कारणासह उलगडा हा अर्थ आहे, आणि तपासून बघायच्या विधानाला 'परिकल्पना' म्हणावं, कारण 'गृहीतक' म्हटलं की न तपासता धरून चाललेलं असंच मनात येतं.