म्हैस सोडवता आली तरी मॉडेलवर हात बसवून या

तुम्ही विचारलंत की शिरवळला बी.व्ही.एस्सी. (पशुवैद्यकाची पदवी) झालं, इंटर्नशिपमध्ये गायी-म्हशींवर भरपूर हात चालला, मग ब्रिटनला पशुवैद्य म्हणून यायचं तर जनावराच्या नकली मॉडेलवर वेगळा सराव कशाला?

आपली पदवी इथे थेट चालत नाही. रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरनरी सर्जन्सची परीक्षा द्यावी लागते, आधी लेखी, मग ऑस्की. ऑस्कीत एकेका स्टेशनवर ठरावीक मिनिटांत एक काम करून दाखवायचं आणि परीक्षक पायरीपायरीवर गुण देतात. मी गावाकडे विताना अडलेल्या म्हशी सोडवल्या होत्या. तरी इथे सरावात गाऊनच्या कफमधून बोटाचं टोक बाहेर आलं आणि ते उघडं बोट निर्जंतुक हातमोज्याला लागलं, म्हणजे मोजा निर्जंतुक राहिला नाही. पुढचे टाके चांगले पडले, पण मी तिथेच नापास झाले होते. टाके घालायला समोर स्पंज असला तरी तो जिवंत कुत्रा समजूनच वागायचं.

मॉडेलला कमी लेखू नका. गायीची पीडी (आत हात घालून गाभण आहे का ते तपासणं) शिकवताना विद्यार्थ्याचा हात आत नेमका कुठे आहे, हे शिकवणाऱ्याला दिसतच नाही. म्हणून सारा बेली या पशुवैद्यक बाईंनी ग्लासगोत ‘हॅप्टिक काऊ’ बनवली. फायबरच्या गायीत बसवलेल्या यंत्रातून बोटाला गर्भाशयाचा स्पर्श जाणवतो आणि शिक्षकाला सगळं पडद्यावर दिसतं. आपण शिकलो तेव्हा एकाच गरीब गायीत किती जणांनी हात घातले, ते आठवून मला आजही वाईट वाटतं.

तुम्हाला इतकं महागडं काही नको. ब्रिस्टल विद्यापीठाच्या पशुवैद्यक विभागाच्या क्लिनिकल स्किल्सच्या पुस्तिका नेटवर फुकट मिळतात, घरगुती मॉडेल कशी बनवायची तेही त्यांत आहे. जुना टॉवेल घट्ट गुंडाळून पाय करा, त्यावर सलाइनची नळी, तीत लाल पाणी, वरून कापड. शीर पकडायचा सराव होतो. स्पंजावर कापडाचे थर टाकून पोट शिवा.

सगळ्यात जास्त वेळ भुलीच्या यंत्राला द्या. फील्डवर आपलं बहुधा झायलाझिन-केटामाइनच्या इंजेक्शनवर भागतं, गॅसच्या यंत्राला हात लागत नाही. इथे जनावर जोडण्याआधी गळती तपासतात : व्हॉल्व्ह बंद, नळीचं तोंड दाबून धरायचं, ऑक्सिजनने पिशवी फुगवायची आणि दाब टिकतो का पाहायचं. कॉलेजात यंत्र असेल तर सरांना विचारून निघण्याआधी हे रोज करा. मुदत संपलेले हातमोजे आणि टाक्यांचा दोराही तिथूनच मागून घ्या.