चीक इम्प्लांट करू की फिलर? गाल पहिल्यापासून सपाट आहेत

तुम्ही लिहिलंय की वय 27, गाल लहानपणापासून सपाट, फोटोत चेहरा कायम थकलेला दिसतो, फेब्रुवारीत लग्न आहे, तर एकदाच इम्प्लांट (ऑपरेशन करून गालात बसवायचा तुकडा) करून मोकळं व्हावं की फिलरवर (सुईने गालात टोचायचं जेल) दरवेळी पैसे घालावेत. मी डॉक्टर नाही, पण चार वर्षांपूर्वी याच प्रश्नात माझे सहा महिने गेलेत आणि माझ्या मावसबहिणीने इम्प्लांट केलंय, तिचं सगळं मी जवळून बघितलंय, म्हणून लिहिते.

माझं वजन 19 किलो कमी झालं आणि गाल पार बसले, जी भेटेल ती विचारायची "आजारी होतीस का गं?" मी इम्प्लांटच करायचं ठरवून प्लास्टिक सर्जनकडे गेले. त्यांनी आधी जुने फोटो मागितले, मग मला खिडकीजवळ बसवून हातात आरसा दिला आणि डोळ्याखालच्या हाडावर अंगठा टेकवून म्हणाले, "हे हाड जागेवर आहे बघा, याच्या खालची गादी गेलीये." मग माझ्याच पोटावरची चरबी काढून गालात भरली. पहिले दोनतीन आठवडे तोंड टम्म सुजलेलं, आणि नंतर सूज उतरली तशी चरबीही विरत गेली, चौथ्या महिन्यात साधारण निम्मी उरली, तीही उजवीकडे कमी. हे त्यांनी आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही, पुन्हा एकदा भरून घेतली. जी टिकते ती वर्षानुवर्षं राहते, फक्त वजन वाढलं की गालही वाढतात, हे लक्षात ठेवा.

मावसबहिणीचं उलट होतं, तिचं हाडच सपाट. तुम्ही बाजूने एक फोटो काढून बघा, डोळ्याच्या बुबुळापेक्षा गाल मागे दिसत असेल तर बहुतेक तुमचंही तसंच असेल, अर्थात खरं काय ते डॉक्टरच हात लावून सांगतील. अशा चेहऱ्याला इम्प्लांट खरंच शोभतं आणि तिला ते शोभलंय. पण ते तोंडातून करतात, वरच्या हिरडीच्या वर गालाच्या आतून चिरा देऊन थेट हाडावर सिलिकॉन बसवतात, आणि तोंड ही काही स्वच्छ जागा नाही. तिसऱ्या आठवड्यात तिची डावी बाजू लाल होऊन ठणकायला लागली, जिथे ऑपरेशन झालं तिथे फोनवर "सूज आहे, उतरेल" एवढंच सांगत राहिले, पाच दिवसांनी दुसऱ्या सर्जनकडे नेलं तर आत पू. ते इम्प्लांट काढावं लागलं आणि काही महिने ती एका बाजूला गाल, एका बाजूला नाही अशी ऑफिसला जात होती, ते आठवलं की मला आजही वाईट वाटतं. नंतर पुन्हा बसवलं, आता छान आहे. वरचा ओठ मात्र बरेच दिवस बधिर होता. एक अजून, मटेरियल कुठलं ते नक्की विचारा, साधं सिलिकॉन काढायला सोपं असतं, पण मेडपोर म्हणून सच्छिद्र प्रकार येतो त्यात आपलं मांस शिरून बसतं आणि तो काढणं फार अवघड जातं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, आधी हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचा फिलर करून बघा. त्यातल्या जुवेडर्म व्होल्युमा नावाच्या फिलरला अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मान्यता देणारी सरकारी संस्था) 2013 मध्ये खास गालांसाठी मान्यता दिली, तो दोन वर्षांपर्यंत टिकू शकतो, आणि नाही आवडला तर हायल्युरोनिडेज या एन्झाइमचं इंजेक्शन देऊन विरघळवता येतो. शिवाय फिलरवरून इम्प्लांटने चेहरा कसा दिसेल याचा बराचसा अंदाजही येतो. सिरिंज 1 मिलीची असते, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा, त्यामुळे एका सिरिंजमध्ये दोन्ही गाल भरून देतो म्हणणाऱ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

पण फिलर म्हणजे फेशियल नव्हे. चुकून रक्तवाहिनीत गेला तर कातडी काळी पडू शकते, क्वचित नजरही जाते. त्यामुळे पार्लरमध्ये अजिबात नाही, एमसीएच प्लास्टिक सर्जन किंवा एमडी स्किनवालेच बघा, बॉक्स तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि हायल्युरोनिडेज क्लिनिकमध्ये ठेवलंय का ते तोंडावर विचारा. टोचल्यावर खूप दुखलं, कातडी पांढरी किंवा जाळीदार जांभळी झाली, डोळ्याला अंधुक दिसलं, तर सकाळची वाट बघायची नाही, तेव्हाच परत जायचं. आणि कोणी कायमस्वरूपी म्हणून पातळ सिलिकॉन टोचतो म्हणाला तर उठून या, ते धड काढताही येत नाही.

लग्न फेब्रुवारीत आहे तर त्याआधी इम्प्लांट नकोच, मावसबहिणीसारखं काही झालं तर मांडवात काय करणार? फिलर करायचाच असेल तर निदान महिनाभर आधी करा, म्हणजे काळंनिळं झालं तरी उतरेल आणि थोडं कमीजास्त झालं तर दुरुस्त करायला वेळ राहील.