किती वाकलं तर चालतं?

या वेळच्या पत्रांतल्या एका पत्राचं उत्तर रांग मोडून आधी देतो. बाकीचे वाचक थोडे थांबू शकतात, या घरातल्या माणसांनी थांबू नये.

प्रश्न : चोपड्याला आमच्या घराची वरच्या मजल्याची गॅलरी भिंतीपासून चार फूट बाहेर आहे. दोन वर्षांत तिचं टोक झुकल्यासारखं दिसतं. वर फरशीवर, भिंतीला लागून, एक सरळ चीर गेली आहे. गवंडी म्हणतो चिरेत सिमेंटचं पाणी सोडू. चालेल का?

नाही चालणार. आजच गॅलरीत जाणं बंद करा. कुंड्या आणि कपड्यांचं मशीन आत घ्या. खालून दोन-तीन ठिकाणी टेकू द्या, पण टेकू नुसता टेकवायचा, ठोकून गॅलरी वर उचलायची नाही. मग स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

कारण असं. खोलीचा स्लॅब दोन्हीकडे टेकलेला असतो. वजन आलं की त्याचं पोट ताणलं जातं आणि पाठ दाबली जाते. काँक्रीट दाब छान सोसतं, ताण मात्र त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढाच. म्हणून ताणाच्या बाजूला, म्हणजे पोटात, सळया घालतात. गॅलरी एकाच बाजूला धरलेली असते, तिथे सगळं उलटं होतं. पाठ ताणली जाते, तीही सगळ्यात जास्त भिंतीजवळ. मुख्य सळया वर हव्यात आणि त्या आतल्या स्लॅबमध्ये लांबवर गेलेल्या हव्यात. तुमची चीर नेमकी वरच्या बाजूला आणि नेमकी भिंतीपाशी आहे. म्हणून मला काळजी वाटते.

अशा गॅलरीत बहुतेक वेळा सळया कमी नसतात, त्या खाली गेलेल्या असतात. स्लॅब भरायच्या दिवशी घमेली घेतलेली माणसं त्यांच्यावरून चालतात. पाच इंची गॅलरीत तळापासून चार इंचावर असायला हवी ती सळई तीन इंचावर गेली, तर सळई तेवढीच राहूनही पाव भाग ताकद गेली. मी नवा होतो तेव्हा एका साइटवर दुपारचा डबा खायला गेलो आणि परत आलो तोवर संपूर्ण छज्जाची जाळी पायाखाली दबली होती. काँक्रीट थांबवून ती उचलायला लावली, खाली सळईच्या खुर्च्या ठेवायला लावल्या. त्या दिवसापासून गॅलरी भरताना मी जेवायला जात नाही. चीर बुजवली तर घर तुम्हाला देत असलेली एकमेव सूचना तेवढी पुसली जाईल.

प्रश्न : पारोळ्याजवळच्या गावी आमचं आजोबांच्या वेळचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर आहे. मधल्या खणातला सर, म्हणजे छत पेलणारी लाकडी तुळई, चांगलाच वाकला आहे. आजी रोज विचारते, "सर वाकी गया, आते घर पडी जाई का?" काय सांगू?

आजींना सांगा की वाकणं आणि पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या सदरात हेच मी पुन्हा पुन्हा सांगत असतो. सागाचा सर तुटण्याआधी भरपूर वाकतो, आणि वर्षानुवर्षं वजन अंगावर असलं की वजन न वाढताही हळूहळू वाकत राहतो. पहिल्या दिवशी आलेला वाक काही दशकांत दुप्पट होणं लाकडाला नवीन नाही. सर ओला असतानाच चढवला असेल तर त्याहूनही जास्त. तेव्हा वाक दिसतो एवढ्यानं घाबरायचं नाही. तो अजून वाढतोय का, हे बघायचं.

ते घरीच बघता येतं. सराच्या दोन्ही टोकांना बाजूनं, खालच्या कडेशी, एकेक खिळा मारा, लाइनदोरी ताणून बांधा, मधोमध सर दोरीच्या किती खाली येतो ते मोजा. आकडा आणि तारीख खांबावर खडूनं लिहा. पावसाळ्याच्या आधी एकदा, पोळ्याच्या सुमारास एकदा, दिवाळीनंतर एकदा. आकडा जागेवर असेल तर आजींना शांत झोपू द्या. वाढत असेल, सराच्या पोटाला उभे तंतू फाटल्यासारखे दिसत असतील किंवा रात्री कडकड आवाज येत असेल, तर त्या खणात झोपू नका.

आणि मधला वाक बघताना टोकं विसरू नका. सर जिथे भिंतीत शिरतो तिथे ओल मुरते, वाळवी लागते. तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. मऊ लाकडात तो सहज शिरला, तर मधे काहीही दिसत नसलं तरी धोका आहे.

आता वजनाचं. धाब्यावर दर काही वर्षांनी खारीचा, म्हणजे खाऱ्या मातीचा, नवा थर देतात, जुना खरवडून काढत नाहीत. मातीचा एक इंच थर चौरस फुटाला चार किलोच्या आसपास भरतो, ओला झाला की जास्त. दहा बाय बाराच्या खणावर एक इंच म्हणजे जवळजवळ अर्धा टन. तीन पिढ्यांत तीन-चार इंच चढले असतील तर सरावर आजोबांनी ठेवलेल्या वजनाहून कितीतरी जास्त वजन आहे. आधी जुना थर उतरवा, एकाच कोपऱ्यात ढीग न करता, सगळीकडून सारखा. मग मधोमध सागाचा खांब द्या, त्याखाली रुंद दगड बसवा. गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, निम्मा झाला की पुढे येणाऱ्या वजनानं सर फारच थोडा वाकेल. पूर्वीचा वाक मात्र तसाच राहील. तो जॅक लावून सरळ करण्याच्या फंदात पडू नका.

प्रश्न : जळगावला घर बांधतोय. नकाशात हॉल १४ फुटी होता, आम्हाला २० फुटी मोकळा हवा, मधे बीम नको. ठेकेदार म्हणतो स्लॅब पाच इंचीच ठेवू, सळई जास्त आणि चांगल्या ग्रेडची टाकू. पटतं का?

पटत नाही, आणि हा सल्ला इतका सर्रास दिला जातो की थोडं सविस्तर लिहितो.

स्लॅब तुटेल का हा एक प्रश्न, आणि किती वाकेल हा दुसरा. सळई पहिल्याचं उत्तर आहे, दुसऱ्याचं फार थोडं. एकसारखं वजन असलेल्या तुळईचा वाक गाळ्याच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. १४ चे २० केलेत, गाळा दीडपटही झाला नाही, पण वाक चौपटीच्या वर गेला. दुसरीकडे, ताठपणा जाडीच्या तिसऱ्या घाताप्रमाणे वाढतो. लाकडाची फळी आडवी ठेवून तिच्यावर उभे राहा, मग तीच फळी कडेवर उभी करून बघा. लाकूड तेच, वजन तेच, वाक कुठल्या कुठे.

ग्रेडचं म्हणाल तर पोलादाचा ताठपणा ग्रेडवर अवलंबून नसतो. साधी सळई असो की ५०० ग्रेडची टीएमटी, दोघींचा ताठपणा सुमारे २,००,००० मेगापास्कल. चांगली ग्रेड उशिरा हार मानते, पण तेवढ्याच वजनाला ताणली तेवढीच जाते.

आयएस ४५६ या आपल्या काँक्रीटच्या मानकात साध्या टेकलेल्या तुळईसाठी गाळा भागिले २० हे जाडीचं सुरुवातीचं माप दिलं आहे, एकापुढे एक गाळे सलग असतील तर भागिले २६. सळयांच्या प्रमाणानुसार त्यात सूट मिळते. पण २० फुटी गाळ्याला, म्हणजे ६.१ मीटरला, पाच इंच कुठल्याच हिशेबात बसत नाही. वाकाची मर्यादाही त्यात आहे. एकूण वाक गाळ्याच्या २५० व्या भागाहून जास्त नको, तुमच्या हॉलला साधारण एक इंच. फरशी आणि पार्टिशन झाल्यावर येणारा वाक ३५० वा भाग किंवा २० मिलिमीटर, यांतलं जे कमी असेल त्याच्या आत हवा. त्याहून वाकला म्हणजे स्लॅब पडतो असं नाही. वरच्या भिंतींना तडे जातात, दारं अडकतात, गच्चीवर पाणी साचतं आणि साचलेल्या पाण्याच्या वजनानं आणखी वाक येतो.

मधे बीम घालून २० चे दहा-दहा केलेत तर स्लॅबचा वाक सोळाव्या हिश्शावर येतो. बीम डोळ्याला नकोच असेल तर इंजिनिअरकडून जाड स्लॅब किंवा उलटा, गच्चीवर येणारा बीम काढून घ्या. एक मात्र करू नका. आत्ता मोकळा हॉल बांधून "पुढे गरज पडली तर मधे खांब देऊ" हा विचार. धाब्याच्या सराला मी खांब सुचवला, कारण लाकूड दोन्ही अंगांनी ताण घेतं. आरसीसी स्लॅब मधल्या खांबावर टेकला की तिथे त्याची पाठ ताणली जाते, आणि तिथे पाठीत सळई घातलेलीच नसते.

प्रश्न : शिरपूरला आमचा स्लॅब भरून पाच दिवस झाले. ठेकेदाराला दुसऱ्या साइटसाठी सेंट्रिंग हवंय. काढू द्यावं का?

नको. साध्या सिमेंटसाठी मानक म्हणतं, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेके किमान सात दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला चौदा. बीमच्या बाबतीत सहा मीटरपर्यंत चौदा आणि पुढे एकवीस. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट असेल तर आणखी थोडे दिवस, कारण ते सावकाश पकडतं. कोवळ्या काँक्रीटवर वजन टाकलं की ते आज तर वाकतंच, पण पुढची कित्येक वर्षं जास्त वाकत राहतं. मानकातला या सावकाश वाढीचा गुणांक सातव्या दिवशी वजन आलं तर २.२, अठ्ठाविसाव्या दिवशी आलं तर १.६ आहे. दोन दिवसांच्या भाड्यासाठी आयुष्यभराचा झोल विकत घेऊ नका.

प्रश्न : स्वयंपाकघरातला कडप्पाचा कप्पा धान्याच्या डब्यांनी एकदम तुटला. आधी जरासुद्धा वाकला नव्हता. असं कसं?

दगड वाकतो, पण इतका थोडा की डोळ्याला कळत नाही, आणि ताण सोसवेना झाला की इशारा न देता तुटतो. दगडी कप्प्याला दर दोन फुटांवर आधार द्या, डबे आधाराच्या जवळ ठेवा. लाकडी फळी वाकते म्हणून तिला नावं ठेवू नका, ती आधी सांगते.

प्रश्न : भुसावळला आमच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, स्लॅबच्या लगेच खाली, भिंतीत आडवी चीर आहे. दरवर्षी बुजवतो, दर मे महिन्यात परत येते. स्लॅब वाकतोय का?

वाकतोय, पण वजनानं नाही, उन्हानं. पहाटे आणि दुपारी तीन वाजता गच्चीला हात लावून बघा. स्लॅबच्या तापमानात पंचवीस अंशांचा फरक पडला तर तीस फुटी स्लॅब दोन मिलिमीटरहून जास्त लांबतो. खालची भिंत सावलीत असते, ती तेवढी लांबत नाही. शिवाय स्लॅबची पाठ तापते आणि पोट थंड राहतं, म्हणून तो मधोमध किंचित वर फुगतो आणि रात्री खाली बसतो. ही ओढाताण रोजची आहे, आणि सिमेंटनं भरलेली चीर त्यात पहिल्याच उन्हाळ्यात पुन्हा तुटणार. लवचीक राहणारं सीलंट भरा. गच्चीला पांढरा, ऊन परतवणारा थर द्या. चीर आडवी आणि फक्त वरच्या मजल्यावर आहे तोवर ती घराच्या ताकदीचा प्रश्न नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी, तळमजल्यापासून सुरू होणारी चीर असती तर मी पायाखालच्या काळ्या मातीकडे बोट दाखवलं असतं.

प्रश्न : रावेर तालुक्यात केळी आहे. घडाला टेकू म्हणून बांबू लावतो, यंदा लोखंडी पाइपही लावून पाहिले. वादळात पाइप वाकले ते वाकलेच, बांबू परत सरळ झाले. लोखंड तर जास्त मजबूत ना?

मजबूत आहे, आणि ताठही, बांबूपेक्षा कितीतरी पट. तुम्ही विचारताय ते तिसरंच आहे : किती वाकून परत येता येतं. रॉबर्ट हुक यांनी १६७८ मध्ये मांडलं की जेवढा जोर, तेवढा ताण, आणि जोर काढला की वस्तू मूळ जागी येते. पण याला हद्द आहे. साध्या पोलादाची हद्द एक मीटरला सव्वा मिलिमीटरच्या आसपास. त्यापलीकडे ताणलं की उरलेला वाक कायमचा. बांबूचे तंतू याच्या कितीतरी पट ताणले जाऊन परत येतात. शिवाय तो पोकळ असतो, तंतू बाहेरच्या सालीकडे दाट असतात, म्हणजे जिथे ताण जास्त तिथेच माल जास्त. आणि पेरं त्याला चपटा होऊ देत नाहीत. तुमचा पातळ पाइप बहुतेक एका जागी चपटा होऊनच दुमडला असेल. वादळाच्या झोताला थोडं वाकून जाऊ देणारा टेकूच इथे बरा.

पण बांबूलाही लाकडासारखी सवय आहे. तीन-चार महिने घडाचं वजन एकाच बाजूनं सोसलं, त्यातून तो ओला असला, की थोडा बाक त्यात मुरतो. घड काढल्यावर टेकू सावलीत आडवे ठेवून वाळू द्या. पुढच्या हंगामात लावताना आधीचा बाक घडाच्या उलट बाजूला येईल असा फिरवून लावा. बुडाशी काळा पडलेला किंवा पेराजवळ उभा चिरलेला बांबू मात्र पुन्हा लावू नका.