परदेशी मदत बंद झाली की गावातली आरोग्यसेवा पण बंद पडते का?

प्रश्न : अमेरिकेनं २०२५ मध्ये यूएसएड, म्हणजे परदेशी मदत देणारी आपली सरकारी संस्था, बंद केली, आफ्रिकेत दवाखाने बंद पडतायत अशा बातम्या वाचल्या. मग इतकी वर्षं जो पैसा ओतला त्यातून तिथली आरोग्यसेवा मजबूत झालीच नाही का? की सगळा पैसा ऑफिसं आणि गाड्यांवरच गेला? – एक वाचक, लातूर

उत्तर : काही ठिकाणी तसंच झालंय, पण सरसकट नाही. मी इथिओपियाचं उदाहरण देते कारण तिथे पैसा परदेशी असूनही काम गावातल्या मुलींनी उभं केलं.

२००३ मध्ये तिथल्या सरकारनं हेल्थ एक्स्टेन्शन प्रोग्रॅम सुरू केला. दहावी झालेल्या त्याच भागातल्या मुली निवडायच्या, एक वर्ष ट्रेनिंग द्यायचं आणि मग साधारण ५ हजार वस्तीच्या प्रत्येक केबेलेत, म्हणजे तिथल्या सगळ्यात खालच्या प्रशासकीय एककात, दोघींना छोट्या हेल्थ पोस्टवर नेमायचं. लसीकरण, संडास, मच्छरदाण्या, गर्भनिरोधक, मलेरियाची टेस्ट आणि औषध असं सगळं त्यांच्याकडे, अर्धा वेळ पोस्टवर आणि बाकी घरोघरी. काही वर्षांतच अशा ३० हजारांवर मुली कामाला लागल्या.

आता पैशाचं बघा, कारण तुमचा प्रश्न तोच आहे. ग्लोबल फंड या जागतिक निधीचा पैसा येतो एड्स, टीबी आणि मलेरियासाठी, ‘गावी’ (Gavi) नावाच्या जागतिक संस्थेचा येतो लसीसाठी, म्हणजे प्रत्येक डोनरचा आजार वेगळा, हिशोब वेगळा, त्यांची माणसं पण वेगळी. २००५ ते २०१२ आरोग्यमंत्री होते टेड्रोस, तेच जे आता डब्ल्यूएचओचे, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचे, प्रमुख आहेत. त्यांच्या मंत्रालयानं धरून ठेवलं की प्लॅन एक, बजेट एक, रिपोर्ट पण एकच, आणि आजारांच्या नावानं आलेल्या पैशातूनच ट्रेनिंग, सामान, फ्रीज, औषधांची साखळी हे सगळं उभं करायचं. या मुलींचा पगार मात्र सरकारी तिजोरीतून. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच होता, कारण डोनर निघून गेला तरी पोस्टवरची मुलगी नोकरीवरच राहते.

फरक पडला का, तर पडला. २००० च्या सर्व्हेत हजार जन्मांमागे १६६ मुलं पाच वर्षांची व्हायच्या आत जात होती, २०१६ ला हा आकडा ६७ वर आला. गर्भनिरोधक वापरणाऱ्या विवाहित बायका ८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेल्या. सगळं श्रेय या मुलींना देता येणार नाही, त्याच काळात रस्ते झाले, शाळा झाल्या, शेती पण सुधारली, पण त्यांना वगळून हे आकडे समजतच नाहीत.

कमी पडलं ते पण सांगायलाच हवं. २०१६ मध्येसुद्धा दवाखान्यात होणारी बाळंतपणं चारातलं जेमतेम एक, कारण हेल्थ पोस्टवर बाळंतपणाची नीट सोय नाही, मोठा दवाखाना लांब आणि गाडी नाही. न्यूमोनियाचं पण तेच, बाळ धापा टाकतंय हे मुलीला दिसतंय पण अँटिबायोटिक द्यायची परवानगी नाही, ती २०१० च्या सुमारास मिळाली, आणि मग युनिसेफ आणि यूएसएडच्या मदतीनं ट्रेनिंग आणि औषधं गावापर्यंत गेली. हे वाचताना मला गडचिरोली आठवतं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९९० च्या दशकात ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत केलं, घरी जाऊन बाळ तपासायला आणि गरज पडली तर जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायला शिकवलं, आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, हा अभ्यास १९९९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. कमी शिकलेल्या बाईच्या हातात औषध द्यायचं का, ही भीती इकडेही होती आणि तिकडेही, आणि त्या भीतीपायी जी बाळं गेली ती मोजायला कोणी बसत नाही.

आणि मग इथिओपियाच्या उत्तरेकडच्या टिग्रे भागातलं २०२० ते २०२२ चं युद्ध. त्या भागात दवाखाने फोडले, लुटले, कित्येक वर्षांचं काम मातीत गेलं. हे कुठल्याच डोनरच्या प्लॅनमध्ये नव्हतं.

प्रश्न : माझी आई आशा कार्यकर्ती आहे. इथिओपियात पगार मिळतो तर आमच्या आईला का नाही? – एक वाचक, यवतमाळ

उत्तर : कारण २००५ मध्ये आशा योजना आली तेव्हाच तिला स्वयंसेविका ठरवलं गेलं, कामामागे पैसे. बाळ जन्मलं की सहा वेळा घरी जायचं आणि त्याचे २५० रुपये, असे दर ठरले. २०२२ ला डब्ल्यूएचओनं आपल्या दहा लाख आशांचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला, छान वाटलं, पण मानधनासाठी त्यांना मोर्चे काढावेच लागले. इथिओपियातही सगळं सरळ नाहीये बरं का, तिथे २०११ पासून पाच घरांमागे एक अशी बायकांची फळी उभी केली आणि तिला पगार नाहीच. पगारी मुलींच्या कामाचा बराच भार या बिनपगारी बायकांनी उचलला. गावच्या आरोग्याचं काम बाईनं फुकट करावं हे दोन्हीकडे गृहीतच धरलेलं आहे आणि मला ते अजिबात पटत नाही. तुमच्या आईची मागणी योग्य आहे, त्यांना सांगा.

प्रश्न : मी कुवेतला नर्स आहे, आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेला दरवर्षी थोडे पैसे द्यायचेत. आधी काय विचारू? – एक वाचक, कुवेत

उत्तर : गावात फिरणाऱ्या बाईला पगार कोण देतं आणि तुमचा फंड संपल्यावर कोण देणार, हे पहिलं विचारा. मग तिच्याकडची औषधं संपली तर किती दिवसांत येतात आणि कुठून येतात, आणि तिनं पाठवलेला पेशंट सरकारी दवाखान्यात कोणी घेतं का. तुम्ही नर्स आहात, उत्तर ऐकून तुम्हाला लगेच कळेल. नुसते फोटो आणि शिबिरांचे आकडे पुढे केले तर थांबा, दुसरी संस्था बघा.