चित्रकर्ती आत्यांची कागदपत्रे रद्दीत देण्यापूर्वी

ताई, आपल्या आत्या १९३४ सालच्या, अंबाजोगाईच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. आता वाडा विकायचा आहे, आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतली चित्रे तेवढी वाटून घेऊन बाकीचे कागद रद्दीत द्यावेत असे घरातल्यांचे म्हणणे आहे, असे आपण लिहिले आहे. माझे स्पष्ट मत असे की चित्रांची वाटणी लांबली तरी चालेल, पण कागद आधी वाचवावेत. चित्र कधी काढले, कोणासाठी काढले, मधली काही वर्षे हात का थांबला, हे चित्रावरून सहसा कळत नाही. ते कळलेच तर या कागदांवरूनच कळेल.

मराठवाड्यातल्या त्या पिढीच्या चित्रकर्तीविषयी छापील मजकूर फारसा हाती लागत नाही. त्यांच्या उमेदीच्या काळात औरंगाबादला शासकीय कला महाविद्यालय नव्हते. शिकायचे तर मुंबई, पुणे किंवा हैदराबाद गाठावे लागे, आणि मुलीला इतक्या लांब पाठवायला घर सहजी तयार होत नसे. मग त्यांची कला स्नेहसंमेलनाचा पडदा, लग्नातले रुखवत, शेजारणींच्या महालक्ष्म्यांचे मुखवटे यांतच खर्ची पडे, आणि यांपैकी काहीही कोणी जपून ठेवत नसे. अशा वेळी घरखर्चाची वही हीच कलाजीवनाची मुख्य साक्ष ठरते. माझ्या मावशीच्या दप्तरात अशी एक वही निघाली. तिच्या एका पानावर ज्वारी, करडीचे तेल आणि रॉकेल यांच्याखाली ‘रंग’ एवढाच शब्द आहे. तो खोडून तीच रक्कम खाली ‘किरकोळ’ म्हणून पुन्हा मांडली आहे. समासात ब्रशने हिरव्याच्या छटा उतरवून पाहिल्या आहेत आणि त्यांच्याजवळ पेन्सिलीने ‘चिंचेचा पाला, पावसानंतर’ असे लिहिले आहे. ते चिंचेचे झाड असलेल्या चित्रावर तारीख नाही. त्या चित्राचा महिना आणि साल आम्हांला या वहीवरून लावता आले, आणि रंगांचा खर्च घरात उघडपणे दाखवायची सोय नव्हती हेही त्याच पानाने सांगितले. अशी वही रद्दीच्या तागडीत जाते याचे मला मनापासून वाईट वाटते.

तारखा लावताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे आत्यांच्या बालपणीचे शाळेचे दाखले आणि वडिलांचे कागद उर्दूत असण्याचा आणि त्यांवर फसली सन (संस्थानातली महसुली कालगणना) असण्याचा पुष्कळ संभव आहे. संस्थानातले फसली वर्ष ऑक्टोबरात आजर महिन्याने सुरू होई; म्हणजे १३५५ फसली हे ऑक्टोबर १९४५ ते सप्टेंबर १९४६ च्या आसपासचे वर्ष. जमाखर्चात ‘हाली’ आणि ‘कलदार’ (म्हणजे ब्रिटिश भारताचा रुपया) असे शब्द दिसले तर तीही काळाची खूण समजावी, कारण संस्थानाचे हाली नाणे विलीनीकरणानंतर काही वर्षांतच चलनातून गेले. उर्दू कागद वाचता येत नाहीत म्हणून बाजूला टाकू नयेत. जुन्या शहरात ते वाचून देणारी वडीलधारी माणसे अजून भेटतात.

दुसरी अडचण नावाची. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची प्रमाणपत्रे माहेरच्या नावाने, नोकरीचे कागद सासरच्या नावाने आणि चित्रावर केवळ आद्याक्षरे, असे झाले की एकच बाई तीन वेगळ्या बायका वाटू लागते. सह्यांचे सगळे प्रकार एका कागदावर उतरवून त्यांच्यापुढे साल लिहीत गेल्यास बिनतारखेची बरीच चित्रे जागेवर बसतात.

पत्रांबद्दल घरात कुजबुज असणार, हे मी समजू शकतो. १९३६ मध्ये अजिंठा पाहून गेलेल्या आणि त्या दर्शनाने ज्यांच्या चित्रांची वाटच बदलली, त्या अमृता शेर-गिल यांची घरी ठेवलेली खाजगी पत्रे घरच्यांनी जाळून टाकली होती, आणि ते कळल्यावर त्यांनी वडिलांना अतिशय व्यथित होऊन पत्र लिहिले होते. त्यांची जी पत्रे उरली, त्यांवरून आज त्यांच्या चित्रांचा विचार होतो. आत्यांच्या पत्रांत कोणाला खुपणारे काही असेल तर ती पत्रे वेगळ्या पाकिटात बंद करून ठेवावीत. पण नष्ट करू नयेत.

आता हाताळणीचे. पेटी उघडल्यावर प्रथम आहे त्या स्थितीत वरून छायाचित्र घ्यावे. मग एकेक थर काढून प्रत्येक कागदाच्या मागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक घालावा. विषयवार गठ्ठे लावण्याची घाई करू नये, कारण लग्नपत्रिकेत खोचलेले रेखाचित्र त्या पत्रिकेपासून वेगळे झाले की ते कोणाच्या लग्नाचे हे कायमचे हरवते. गंजलेल्या टाचण्या ओढू नयेत, अलगद सोडवाव्यात. सेलोटेप आणि लॅमिनेशन दोन्ही कटाक्षाने टाळावे. ओलसर वाटले तरी गच्चीवर उन्हात वाळवू नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात जुना कागद कडक होऊन घडीवर तुटतो आणि जलरंग फिके पडतात, तेव्हा घरात पंख्याखालची सावली पुरेशी आहे. कोळशाच्या किंवा खडूच्या चित्रांवर बोटही फिरवू नये. नंतर सगळे धुतलेल्या मांजरपाटात बांधावे, वर्तमानपत्रात नव्हे. कसर आणि वाळवी भिंतीतून येते, म्हणून पेटी भिंतीला चिकटवून किंवा जमिनीवर ठेवू नये.

हे घरात सांभाळणे शक्य नसेल तर छत्रपती संभाजीनगरचे पुराभिलेख कार्यालय किंवा तिथल्या विद्यापीठाचा इतिहास विभाग येथे विचारणा करावी. देताना यादी दोन प्रतींत करून एकीवर पोच घ्यावी. चित्र ज्याच्या वाट्याला येईल त्याला ते छापण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो हक्क चित्रकर्तीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो आणि मृत्युपत्राने किंवा वारसाने ज्याच्याकडे जाईल त्याचा असतो. आत्यांना आलेल्या पत्रांतल्या मजकुराचा हक्क मात्र ती लिहिणाऱ्यांचा किंवा त्यांच्या वारसांचा, म्हणून ती छापायची झाल्यास त्यांची संमती लागेल. बंद पाकिटे किती वर्षांनी उघडावीत, ही अट देणगीपत्रात स्पष्ट लिहून घ्यावी. संस्थेतली माणसे बदलली की तोंडी बोलणे कोणाच्या लक्षात राहत नाही.